हेडफोनांचा मुकाबला आणि कानांची साक्ष

दोन उंची हेडफोन एकामागून एक कानांवर चढवून त्यांतला सरस कोणता हे सांगणे वरवर पाहता सोपे वाटते. परंतु ध्वनिशास्त्र आणि विद्युत्‌शास्त्र या दोहोंचा, आणि त्याहूनही अधिक मानवी मनाच्या स्वभावाचा, थोडासा परामर्श घेतला म्हणजे ध्यानात येते की, याहून अवघड निवाडा रसिकाच्या वाट्यास क्वचितच येत असेल. जगातील मोठमोठ्या शहरांत हेडफोन पारखण्याच्या छंदाचे उपासक हल्ली आपापली यंत्रे घेऊन एकत्र जमतात. लांब मेजांवर हेडफोन आणि ॲम्प्लिफायर ओळीने मांडलेले असतात, आणि प्रत्येकाने प्रत्येकाचे यंत्र निःसंकोचपणे ऐकावे, हा तेथील शिरस्ता असतो. असा मेळावा भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत भरवावयाचा झाला तर त्यात काय पारखावे, कसे पारखावे आणि कोणाच्या साक्षीवर विश्वास ठेवावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खुर्सीपारच का, असे कोणी विचारील. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि या देशाच्या लोहमार्गांचे रूळ जेथे लाटले जात आहेत त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या छायेत वाढलेली ही कामगारवस्ती आहे. आणि ज्या गावाने आपली भाकरी यंत्रांच्या घोषातून मिळविली त्या गावाला ध्वनीचा विचार परका असण्याचे कारण नाही. शिवाय येथे मराठी माणूसही नवखा नव्हे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे. त्यामुळे नाट्यसंगीत, अभंग आणि ख्याल यांची श्रवणपरंपरा या भागातील मराठी घरांत आपसूकच आलेली आहे. कान तयार आहेत. प्रश्न फक्त त्यांची साक्ष नीट नोंदवून घेण्याचा आहे.

ध्वनियंत्राची चारचौघांत परीक्षा घेण्याची कल्पना हेडफोनांहून जुनी आहे. १९१५ च्या सुमारास टॉमस एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी असे प्रयोग लावले की, रंगमंचावर प्रत्यक्ष गायिका उभी राहावी, शेजारी त्याच गायिकेची तबकडी वाजत असावी, दिवे मालवले जावेत, आणि गाणारी गळ्याने गात आहे की यंत्र गात आहे हे श्रोत्यांनी ओळखावे. श्रोत्यांना ते ओळखता आले नाही, अशी ग्वाही त्या काळच्या वृत्तपत्रांनी दिली. आज ती तबकडी ऐकणाऱ्यास या ग्वाहीचे नवल वाटते, कारण तिच्यात खर्जही नाही आणि तारस्वरांचे तेजही नाही. या कोड्याचा उलगडा या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेने वृद्धापकाळी केला: आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाइतका बेतून गात होतो, मोठ्याने गायलो असतो तर फरक लगेच कळला असता, असे तिने सांगितले. म्हणजे तबकडीने गळ्याची बरोबरी केली नव्हती, गळ्याने तबकडीची केली होती. आणि ध्वनीची पातळी समान करण्यात ज्याचा हात असतो त्याच्याच हाती निकालही असतो, हे सत्य शंभर वर्षांपूर्वीच त्या अंधाऱ्या सभागृहांत सिद्ध झाले होते.

आपल्याकडे एकत्र बसून ध्वनिमुद्रिका ऐकण्याची प्रथा ग्रामोफोनच्या काळापासून आहे, आणि १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने तिला संशोधनाची शिस्त दिली. तिचे दीर्घकाळ चिटणीस राहिलेले डॉ. सुरेश चांदवणकर हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. रसिकता आणि मोजमाप यांचे वैर असते ही समजूत अशा माणसांमुळेच खोटी ठरते. यंत्रनिर्मितीतही मराठी मुलूख अगदीच मागे राहिलेला नाही: पुण्याच्या केडन्स या कंपनीने स्थिरविद्युत् तत्त्वावरचे ध्वनिक्षेपक आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवून परदेशांतही पाठविले.

आता खुद्द हेडफोनांकडे वळू. त्यांचे प्रमुख प्रकार तीन. पहिला आणि सर्वाधिक प्रचलित प्रकार असा की, लहानशा शंकूला किंवा पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते, ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेले असते, आणि वेटोळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर पडदा मागेपुढे हलून हवा कंपित करतो. जर्मनीच्या बायर कंपनीचा १९३७ चा डीटी ४८, अमेरिकेच्या जॉन कॉसने १९५८ मध्ये आणलेला स्टीरिओ हेडफोन, आणि कानांवरील पेले बंद न ठेवता मागून उघडे ठेवण्याची प्रथा रूढ करणारा सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४, हे सर्व याच कुळातले. दुसऱ्या प्रकारात वेटोळे नसून पातळ पडद्यावर सर्वदूर वाहकाची नक्षी पसरलेली असते आणि दोहों बाजूंच्या चुंबकांच्या ओळींमुळे तो पडदा सगळीकडून सारखाच ढकलला जातो. ऑडीझी आणि हायफायमॅन या कंपन्यांनी एकविसाव्या शतकात याचे पुनरुज्जीवन केले. तिसरा प्रकार स्थिरविद्युत् तत्त्वाचा: केसाहूनही कितीतरी पातळ अशा विद्युत्‌भारित पापुद्र्याला दोन जाळ्यांमध्ये ताणून धरायचे आणि जाळ्यांवरील विद्युत्‌दाब बदलून त्याला हलवायचे. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० च्या सुमारास असा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्याच्या आजच्या वंशजांना ५८० व्होल्टांचा स्थिर दाब द्यावा लागतो, आणि म्हणून त्यांचा ॲम्प्लिफायरही वेगळाच, केवळ त्यांच्यासाठी घडविलेला असतो.

या तीन प्रकारांत, आणि एकाच प्रकारातील दोन नमुन्यांतही, जो भेद ऐकू येतो तो खरा असतो, मोठा असतो आणि मोजता येतो. याचे कारण असे की, आपला बाह्यकर्ण आणि कर्णनलिका मिळून ३००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी मुळातच दहा-पंधरा डेसिबलांनी वाढवीत असतात; समोरच्या ध्वनिक्षेपकातून येणारा नाद या वाढीसह कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो, परंतु हेडफोन कानाला अगदी बिलगून असल्यामुळे ही वाढ किती, कोठे आणि कशी द्यायची हे त्याच्या निर्मात्याला स्वतः ठरवावे लागते. २०१२-१३ च्या सुमारास हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांना आवडणारा हेडफोन हा चांगल्या खोलीतील चांगल्या ध्वनिक्षेपकासारखा भासणारा असतो, असे दिसून आले.

पारखण्यासाठी काय ऐकावे, याबाबत मेळाव्यांतून जी परदेशी गाणी फिरत असतात त्यांच्या वाटेस मी जाणार नाही, कारण त्यांहून कितीतरी कडक परीक्षक आपल्या घरी आहे. तो म्हणजे तानपुरा. मिरजेच्या सतारमेकर कारागिरांच्या हातचा तानपुरा, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, तो केवळ साथीचे वाद्य नव्हे. ध्वनियंत्राच्या परीक्षेसाठी याहून उत्तम साधन मला ठाऊक नाही. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर तार ज्या ठिकाणी टेकते तेथे रेशमी वा सुती धागा सरकवून जवारी लावली म्हणजे त्या एकाच तारेतून स्वरांशांची, म्हणजे मूळ कंपनाच्या पटींतील स्वरांची, रांगच्या रांग उमटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांचा अभ्यास करताना दाखवून दिले की, जेथे छेडल्यास अमुक स्वरांश निर्माणच होऊ नये असे पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा नियम सांगतो, तेथे छेडूनही तानपुऱ्यात तो स्वरांश स्पष्ट ऐकू येतो. काळी एक या पट्टीत षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झची. तिचा पाचवा स्वरांश ३४६ हर्ट्झच्या जवळ येतो, आणि तोच आपला स्वयंभू गंधार.

आता हा तानपुरा निरनिराळ्या हेडफोनांवर ऐकून पाहावा. ज्याचा खर्ज ६० हर्ट्झच्या वरच गळू लागतो, अशा उघड्या पेल्याच्या हेडफोनात खर्जाच्या तारेचे वजन हरवते आणि नुसते तिचे स्वरांश उरतात. ज्यात ३००० हर्ट्झचा टापू प्रमाणाबाहेर उंचावला आहे त्यात जवारी पत्र्यासारखी झणझणते. आणि ज्यात तो टापू दबलेला आहे त्यात उत्तम खुली जवारीसुद्धा बंद जवारीसारखी मिटलेली भासते. चारही तारा छेडून झाल्यावर मागे जो अखंड नाद भरून राहतो, त्यात गंधार आपणहून वर येतो की शोधावा लागतो, हे पाहिले म्हणजे मधल्या टापूची परीक्षा झाली. त्यानंतर डग्ग्यावरची घसीट आणि चाटीवरचा स्वच्छ ‘ना’ ऐकावा. आणि सर्वांत शेवटी मानवी गळा, कारण ओळखीच्या गळ्यातील लबाडी कान तत्काळ पकडतो.

ॲम्प्लिफायरांचा प्रश्न निराळा आहे, आणि येथेच मेळाव्यांतील बहुतेक वादांचे मूळ आहे. हेडफोनला किती शक्ती लागते याचा हिशेब प्रत्येकाला मांडता येण्याजोगा असूनही तो क्वचितच मांडला जातो. सेनहायझरचा एचडी ६५० हा सुप्रसिद्ध हेडफोन घेऊ. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम. आणि १ व्होल्ट दिला असता तो १०३ डेसिबलांचा ध्वनी देतो. त्यावर ११० डेसिबलांचे क्षणिक शिखर गाठावयाचे, जे कोणत्याही संगीताला पुरून उरेल, तर सव्वादोन व्होल्ट आणि सुमारे १७ मिलिवॅट एवढीच शक्ती लागते. उलट हायफायमॅनचा एचई-६ घ्या: इम्पीडन्स केवळ ५० ओहम, परंतु १ मिलिवॅटला ध्वनी जेमतेम ८३.५ डेसिबल, त्याला त्याच शिखरापर्यंत नेण्यास पावणेपाच व्होल्ट आणि जवळजवळ ४५० मिलिवॅट शक्ती लागते. ज्याचे ओहम अधिक तो चालविण्यास अवघड, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत या एका दाखल्याने निकालात निघते. शिवाय यातून असाही निष्कर्ष निघतो की, भ्रमणध्वनीला जोडावयाचे १ व्होल्ट देणारे बोटभर लांबीचे साधनसुद्धा एचडी ६५० ला घरगुती श्रवणासाठी पुरते, आणि त्याच हेडफोनसाठी लाखाचा ॲम्प्लिफायर घेणाऱ्याने तो शक्तीसाठी घेतला असे म्हणता येत नाही.

मग ॲम्प्लिफायरांमध्ये भेद नसतोच काय? असतो, परंतु त्याची जागा ठरलेली आहे, आणि ती म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा बहिर्गामी इम्पीडन्स. चांगल्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरात तो एका ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. परंतु ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट व्हॉल्व्हमधून हेडफोन चालविणाऱ्या जुन्या घाटाच्या ॲम्प्लिफायरात तो शंभर ओहमच्या घरातही जातो. एचडी ६५० चा विरोध नावापुरता ३०० ओहम असला, तरी खर्जाच्या टापूत, ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० ओहमांच्या जवळ चढतो. १०० ओहमांच्या यंत्रातून तो चालविला म्हणजे विद्युत्‌दाबाची वाटणी मधल्या टापूत तीन-चतुर्थांश आणि खर्जात पाच-षष्ठांश अशी विषम होते, आणि खर्ज जवळजवळ एका डेसिबलने उचलला जातो. व्हॉल्व्हच्या आवाजाला जो ‘उबदारपणा’ लोक बहाल करतात, त्यातील बराचसा भाग या साध्या अपूर्णांकांत आहे, उरलेला व्हॉल्व्हच्या सौम्य विकृतीत. तोच ॲम्प्लिफायर एचई-६ सारख्या, ज्याचा विरोध सर्व कंप्रतांना जवळपास सारखा असतो अशा हेडफोनला जोडला, तर स्वरांचा तोल मुळीच बदलत नाही, फक्त आवाज लहान होतो. म्हणून ‘हा ॲम्प्लिफायर कसा वाजतो’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या हेडफोनवर, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

केबलींविषयी थोडक्यात सांगतो: दोषरहित आणि पुरेशी जाड असेल तर कोणतीही केबल चालेल, आणि तिच्यासाठी राखून ठेवलेले पैसे हेडफोनकडे वळवावेत.

आता परीक्षेच्या पद्धतीकडे येऊ. दोन यंत्रांतील एकाचा आवाज दुसऱ्याहून अगदी अर्ध्या डेसिबलने मोठा असला तरी श्रोत्याला तो ‘मोठा’ असा न भासता ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरीव’, ‘अधिक जिवंत’ असा भासतो. बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये समध्वनी वक्ररेषा प्रसिद्ध केल्या, त्यांतून याचे एक कारण कळते: आवाज वाढला म्हणजे कान खर्जाला अधिक दाद देऊ लागतो, आणि म्हणून पातळी बदलताच स्वरांचा तोलही बदलल्यासारखा वाटतो. ध्वनिपातळी समान न करता मुकाबला करणे म्हणजे तराजूची रिकामी पारडी समतोल आहेत की नाहीत हे न पाहता सोने तोलावयास बसणे होय. ॲम्प्लिफायरांच्या बाबतीत उपाय सुलभ आहे. हेडफोन जोडलेला असताना सुमारे ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवावा, दोन्ही यंत्रांचा बहिर्गामी विद्युत्‌दाब मल्टिमीटरने मोजावा, आणि तो एका टक्क्याच्या आत, म्हणजे सुमारे ०.१ डेसिबलच्या मर्यादेत, जुळवून घ्यावा. हेडफोनांच्या बाबतीत मात्र व्होल्टचा उपयोग नाही. तेथे जाड पुठ्ठ्याला छिद्र पाडून त्यात ध्वनिमापक बसवावा, त्यावर पेला टेकवून सर्व कंप्रता सामावलेला घोष वाजवावा, आणि पातळी जमेल तितकी जुळवावी. ही पद्धत ढोबळ आहे, तरी अंदाजापेक्षा शतपटीने बरी.

पातळी जुळल्यावर नाव झाकावे. एका मेजाआड तिऱ्हाइताने बसून यंत्रे बदलावीत, कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये, आणि प्रत्येक खेपेचे उत्तर कागदावर लिहून घेतले जावे. अशा सोळा खेपांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याचा संभव शेकडा चारहून कमी आहे. म्हणून बारांचा दाखला मिळाल्यास भेद ऐकू आला असे मानण्यास हरकत नाही, आणि आठ-नऊंवर गाडी थांबल्यास तो भेद डोळ्यांचा होता असे समजावे. दोन नमुन्यांमध्ये वेळही फार जाऊ देऊ नये, कारण ध्वनीच्या सूक्ष्म छटांची स्मृती काही सेकंदांतच विरू लागते; एक यंत्र काढून, दुसरे जोडून, मध्ये चहा घेऊन दिलेल्या मताला साक्षीचे मोल नाही. हेडफोनांची अशी झाकली परीक्षा पूर्णपणे शक्य होत नाही, कारण वजन आणि गादीचा स्पर्शच नाव सांगून जातो. परंतु तेथे भेद इतके ठळक असतात की तिची निकडही तेवढी नाही.

डोळ्यांचा हा प्रभाव लहान समजू नये. २०१५ मध्ये सेनहायझरने जाहीर केलेल्या एचई १ या स्थिरविद्युत् संचाचा ॲम्प्लिफायर इटलीतील कॅरारा येथील संगमरवरात बसविलेला आहे. तो सुरू केला म्हणजे त्याच्या चकत्या पुढे सरकतात आणि व्हॉल्व्ह आतून हळूहळू वर येतात. जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे ५० हजार युरो होती. हा संच ध्वनीतही असामान्य आहे, हे निर्विवाद; पण तो सोहळा पाहून झाल्यावर पहिला स्वर कानी पडण्यापूर्वीच मनाने अर्धा फैसला देऊन टाकलेला असतो, हेही तितकेच खरे. जाणकार माणूसही यातून सुटत नाही, आणि म्हणूनच जाणकारांनी ही झाकली परीक्षा सर्वांआधी द्यावी.

शेवटी, ज्या साक्षीदारावर ही सारी इमारत उभी आहे त्या कानाविषयी. दीर्घकाळ मोठ्या आवाजात काम केल्याने होणारी श्रवणहानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसू लागते, आणि बहुधा दोन्ही कानांत सारखीच. जवारीचे तेज आणि शब्दांतील ‘स’, ‘त’, ‘क’ यांची धार यांच्याशी हा टापू अगदी लागून आहे. रोलिंग मिलमध्ये तीस वर्षे घालवून निवृत्त झालेला गृहस्थ आणि महाविद्यालयात शिकणारा त्याचा नातू एकाच मेजाशी बसून एकाच हेडफोनविषयी परस्परविरुद्ध मत देतील, आजोबांना जो ‘स्वच्छ’ वाटेल तो नातवाला ‘बोचरा’ वाटेल, आणि दोघेही खरे बोलत असतील. खुर्सीपारच्या मेळाव्यात म्हणून मतांबरोबर वयाची आणि कामाच्या स्वरूपाचीही नोंद व्हावी, आणि शक्य तर प्रत्येकाने आधी श्रवणमापन करून घ्यावे. तरुणांनी तर आणखी एक तक्ता ध्यानात ठेवावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढाने आठवड्यातून ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकण्यास हरकत नाही, परंतु दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होत जाते. ८९ डेसिबलला पाच तास, ९५ ला सव्वा तास. आणि मेळाव्यात उत्साहाच्या भरात चकती फिरवीत १०० डेसिबल ओलांडणारा माणूस आठवड्याचा हप्ता अर्ध्या तासाच्या आत संपवून बसतो.

जागा आणि हंगाम यांचीही तजवीज विचारपूर्वक करावी. भिलाईच्या वैशाखात पंखा आणि कूलर बंद ठेवणे शक्य नाही, आणि त्यांच्या घरघरीत उघड्या पेल्याच्या हेडफोनांचा खर्ज आणि हळुवार स्वर बुडून जातात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतील रविवारची सकाळ निवडावी, आणि हावडा-मुंबई लोहमार्गापासून शक्य तितकी दूरची, आतल्या अंगाची खोली घ्यावी. मेजावर दोनच ॲम्प्लिफायर असले तरी चालतील, परंतु हेडफोन जितके मिळतील तितके असावेत, कारण शिकण्यासारखे जे आहे ते बव्हंशी तेथे आहे. मर्यादित पैसे असणाऱ्याने दहांतील आठ-नऊ हिस्से हेडफोनवर आणि उरलेले त्याला पुरेल अशा साध्या ॲम्प्लिफायरवर खर्चावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. आणि खुर्सीपारमध्ये, भिलाईच्या सेक्टरांत वा दुर्गात ज्यांच्यापाशी असा एखादा चांगला हेडफोन कपाटात पडून असेल, त्यांनी तो घेऊन अशा बैठकीस अवश्य यावे. बरोबर एक मल्टिमीटर आणि मिरजेच्या तानपुऱ्याचे एखादे स्वच्छ ध्वनिमुद्रण आणण्यास मात्र विसरू नये.